मुंबईचा एक तक्ता

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एडिंबरोच्या दोन संशोधकांचा एक निबंध छापून आला. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ही त्यांची नावे. विषय होता साथीच्या रोगांचे गणित. साथ येते, वाढते, शिखर गाठते आणि गावातली सगळी माणसे आजारी पडण्याच्या आतच ओसरते. असे का होते, हे त्यांनी समीकरणांतून मांडले होते. २०२० साली आपण सगळे घरात बसून टीव्हीवर जे वर चढणारे आणि खाली उतरणारे वक्र पाहत होतो, त्यांच्यामागच्या बहुतेक गणितांचे मूळ या निबंधात आहे. आज जगात कुठेही साथरोगशास्त्र शिकायला बसा, पहिल्या काही तासांत या दोघांचे नाव येतेच.

त्या निबंधात खऱ्या साथीचा जो आलेख आहे, तो आपल्या मुंबईचा आहे! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, त्याचे ठिपके आणि त्यांच्यावरून काढलेली गणिताची वक्ररेषा.

परदेशात मास्टर्स करताना एका वैकल्पिक विषयाच्या वर्गात हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या प्राध्यापकांना मुंबईशी काही देणेघेणे नव्हते, त्यांच्या दृष्टीने ते एक उदाहरण होते. मी मात्र त्या ठिपक्यांकडे बघत राहिलो. पहिल्या आठवड्यात ४ मृत्यू, मग १०, मग १५. विसाव्या आठवड्यात ९२५. शेवटच्या आठवड्यात ३३. तीस-एकतीस आठवड्यांची बेरीज केली तर नऊ हजारांच्या वर जाते. भायखळा, मांडवी, परळ, गिरगाव इथल्या चाळींतली ही माणसे. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत कामाला आलेली कितीतरी माणसे त्यांत असणार. त्यांची नावे त्या आलेखात नाहीत, पण त्यांच्या मरणाची नोंद जगाच्या शास्त्रात कायमची राहिली आहे. ती राहिली कशी, हा या लेखाचा विषय आहे. माझा धंदा माहिती साठवण्याचा आणि ती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्याचा, त्यामुळे या गोष्टीकडे मी डॉक्टरच्या नव्हे तर कारकुनाच्या नजरेने बघतो, हे आधीच सांगून टाकतो.

मुंबईत प्लेग आला १८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी. सप्टेंबरात मांडवी भागातल्या रोग्यांना तपासून डॉ. अकाशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढची कथा मराठी माणसाला शाळेपासून पाठ आहे. १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ही कथा आपण स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच कथेची एक दुसरी बाजू आहे. ती म्हणजे नोंदींची.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घराघरांत शिरून झडती घेण्याचे, रोग्याला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्याचे अधिकार सरकारला मिळाले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. घरात गाठ आलेले माणूस आहे हे शेजाऱ्याला कळू द्यायचे नाही, मेले तर दुसऱ्याच कशाने मेले म्हणून सांगायचे. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली, कारण तेच, घरातल्या आजारी मुलीला तपासायला आलेले पथक. ज्या सरकारला खरा आकडा हवा होता, त्यानेच आपल्या वागण्याने आकडा खोटा पाडला. पुढे सक्ती सैल होत गेली. लस ऐच्छिक ठेवली, झडत्या कमी झाल्या.

आकड्यांची आणखी एक गंमत सांगतो. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती आणि १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार झाली. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांत कमी! काही प्लेगने मेले हे खरे, पण १९०१ ची शिरगणती झाली ती मार्च महिन्यात, ऐन प्लेगच्या हंगामात, ज्या वेळी लोक शहर सोडून गावी पळालेले असत. मग 'दर हजारी इतके मृत्यू' हा हिशोब करायचा तर भागाकार कितीने करायचा? शहरात राहणाऱ्यांच्या संख्येने, की त्या दिवशी हजर असलेल्यांच्या? वरचा आकडा कितीही काळजीपूर्वक मोजला तरी खालचा डळमळीत असेल तर उत्तराला अर्थ राहत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा धडा दर प्रकल्पात नव्याने शिकावा लागतो.

आता येऊ १९०५ कडे. प्लेग दरवर्षी येत होता आणि तो माणसापर्यंत नेमका पोहोचतो कसा यावर एकमत नव्हते. कोणी म्हणे घाणीतून, कोणी म्हणे जमिनीतून, कोणी धान्यातून. लंडनची रॉयल सोसायटी, लिस्टर इन्स्टिट्यूट आणि इंडिया ऑफिस यांनी मिळून एक सल्लागार समिती नेमली आणि तिच्या वतीने काम करणारे पथक परळला, जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत येऊन बसले. ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये हाफकिन यांनी सुरू केली होती. आज तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. परळहून जाताना तुमच्यापैकी अनेकांनी ती इमारत पाहिली असेल.

या पथकाने केलेले काम वाचताना मला खरोखर आश्चर्य वाटते. शहरभरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर रोज परळला येत. कोणता उंदीर कोणत्या भागातून आला, हे लिहून ठेवले जाई. प्रत्येकाची चिरफाड करून त्याला प्लेग होता की नाही ते पाहिले जाई. अशा प्रकारे एक लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. शिवाय गटारात राहणारा मोठा तपकिरी उंदीर आणि घराच्या छपरात राहणारा काळा उंदीर यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत. उंदराच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात ते पाहिले. परळच्या आवारात छोट्या खोल्या बांधून त्यांत उंदीर आणि पिसवांचे प्रयोग केले.

मग त्यांनी तीन तक्ते शेजारी ठेवले. गटारातल्या उंदरांमधला प्लेग, घरातल्या उंदरांमधला प्लेग आणि माणसांमधला प्लेग. आधी पहिला चढतो. त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी दुसरा. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी तिसरा. साथीची पायरीपायरीने चाललेली वाटचाल त्या तक्त्यांत डोळ्यांना दिसते. उंदरांवरून पिसवेमार्फत प्लेग माणसात येतो, हे १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितले होते, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. मुंबईच्या तक्त्यांनंतर त्यावर वाद उरला नाही.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळ्या भाषेत माहीत होते. 'उंदीर पडायला लागले' असे ऐकले की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायला जायचे. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेले प्लेगचे दिवस सांगायची, त्यात हा शब्दप्रयोग नेहमी यायचा. त्या काळी शास्त्रज्ञ ज्याचा शोध घेत होते, ते घाटावरच्या बायकांना ठाऊक होते. फरक इतकाच की त्यांच्याजवळ रकाने नव्हते.

या तीन तक्त्यांतली किल्ली कुठे आहे, ते बघण्यासारखे आहे. उंदीर तपासणारे वेगळे, माणसांच्या मृत्यूची नोंद करणारे महापालिकेचे कारकून वेगळे. दोघे एकमेकांना कधी भेटलेही नसतील. पण दोघांनी तारीख आणि शहराचा भाग या दोन गोष्टी लिहिल्या होत्या. त्या दोन रकान्यांवर दोन वेगळ्या कचेऱ्यांची माहिती एकमेकींना जोडता आली. आजच्या भाषेत याला डेटाबेस जोडणे म्हणतात. उंदराच्या नोंदीवर भाग लिहिलेला नसता तर लाख उंदीर कापूनही हाती काही लागले नसते.

आम्ही वादी कबीरला राहतो. मस्कतकरांना हा भाग गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या दुकानांसाठी ठाऊक आहे. तिथल्या गल्ल्यांत जुना गिअरबॉक्स शोधायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, गाडी कुठली, साल कोणते? त्या धातूच्या ढिगात चांगला दुकानदार प्रत्येक भागावर पांढऱ्या रंगाने मॉडेल आणि साल लिहून ठेवतो. त्याच्याकडे पाच मिनिटांत काम होते. न लिहिणाऱ्याकडे तोच भाग कदाचित पडलेला असतो, पण तो असून नसल्यासारखा. माहितीचेही अगदी असेच असते. ती 'आहे' एवढे पुरत नाही. ती कशाची आहे हे तिच्यावर लिहिलेले हवे. या लिहिण्याला आमच्या व्यवसायात मेटाडेटा असे भारदस्त नाव आहे.

परळच्या पथकाने आपले निष्कर्ष सरकारी कपाटात ठेवले नाहीत. 'जर्नल ऑफ हायजीन' या केंब्रिजच्या नियतकालिकात १९०६ पासून प्लेगचे खास अंक निघू लागले आणि त्यांत निष्कर्षांबरोबर तक्ते, नकाशे, आलेख सगळे छापले गेले. कागद आणि खिळे जुळवण्याचा खर्च त्या काळी केवढा! तरीही पानेच्या पाने आकड्यांची. मला वाटते या सगळ्या कथेतला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच होता. कारण निष्कर्ष जुने होतात. पिसवेबद्दल त्यांनी काय म्हटले ते आज कोणी त्या अंकांतून वाचत नाही. आकडे मात्र वापरले जातात.

कोणी वापरले? अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. हिंदुस्थानात बरीच वर्षे काढून, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून, प्रकृती बिघडल्याने १९२० साली ते परत गेले आणि एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. विल्यम कर्मॅक तिथलेच रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले, वय अवघे २६. म्हणजे मुंबईचा तो प्रसिद्ध आलेख ज्या दोघांनी काढला, त्यांतल्या एकाने तो कधीच पाहिला नाही! समीकरणे ते मनात धरत आणि सहकारी कागदावर उतरवत.

मॅकेंड्रिक यांना हिंदुस्थानातल्या लहानसहान नोंदींचेही मोल होते. १९२६ च्या एका निबंधात त्यांनी पटकीच्या साथीतल्या एका गावाची नोंद घेतली आहे. २२३ घरे. १६८ घरांत एकही रोगी नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन, एका घरात चार. एवढेच पाच आकडे. त्यांवरून त्यांनी असा तर्क केला की रोगी नसलेल्या १६८ घरांपैकी बऱ्याच घरांना लागण होण्याचा संभवच नव्हता, म्हणजे सगळे गाव एकाच दूषित पाण्यावर नव्हते. हे पाच आकडे आजही संख्याशास्त्राच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून येतात. ते गाव कोणते, ते घरोघर फिरून कोणी लिहिले, कोण जाणे.

मुंबईच्या आलेखावर परत येतो. दोघांनी आपल्या सूत्रातून काढलेला वक्र शिखराशी आठवड्याला ८९० मृत्यू दाखवतो आणि ठिपक्यांशी छान जुळतो. पण लेखक प्रामाणिक होते. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे, आपण धरलेली गृहीतके इथे काटेकोरपणे लागू होत नाहीत, हा केवळ ढोबळ अंदाज आहे, असे त्यांनी तिथेच नोंदवले. पुढच्या पिढ्यांनी आलेख उचलला आणि ही सावधगिरी गाळली. पुस्तकामागून पुस्तकात तो 'सिद्धान्ताचा पुरावा' म्हणून छापला जाऊ लागला.

त्याला २०१२ साली निकोला बकाए या फ्रेंच गणितज्ञाने अडवले. त्याने मूळ अहवाल काढून पाहिले. मुंबईचा प्लेग काही १९०६ मध्ये एकदाच येऊन गेला नव्हता. तो १८९७ पासून दरवर्षी, साधारण त्याच महिन्यांत चढत होता आणि उन्हाळा तापला की उतरत होता. म्हणजे साथ ओसरली ती लागण होण्याजोगी माणसे संपली म्हणून नव्हे, तर ऋतू बदलला, उष्म्यात पिसवांचे जगणे अवघड झाले म्हणून. एकाच वर्षाचा तुकडा घेतला तर सूत्र खरे वाटते, सलग वर्षे घेतली तर कारणच वेगळे दिसते. त्यामुळे सिद्धान्त रद्द होत नाही, तो इतर अनेक साथींना लागू पडतो. पण ज्या उदाहरणावर तो जगभर शिकवला गेला, ते उदाहरण नेमके चुकीचे ठरले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. ८५ वर्षांनंतर पॅरिसमधला एक माणूस मुंबईच्या प्लेगबद्दलचा दावा तपासू शकला, कारण आलेखाबरोबर शहर, तारखा आणि 'दर आठवड्याला' हे लिहिलेले होते, म्हणून मूळ तक्ता कोणता ते शोधता आले. आणि तो तक्ता छापील होता, ग्रंथालयांत होता, आता इंटरनेटवरही आहे. 'जर्नल ऑफ हायजीन'चे ते जुने अंक आज कोणालाही फुकट वाचता येतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातले वैद्यकीय अहवाल मोठ्या प्रमाणावर स्कॅन करून खुले केले आहेत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या मुलांना घेऊन जरूर बघा. जगाला सहज मिळतात ते अहवाल इंग्रजीतले आहेत आणि सरकारच्या बाजूचे आहेत. त्याच साथीत पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ चालवले, 'केसरी'त साथीच्या बातम्या आणि तक्रारी सतत येत होत्या. ती दुसरी बाजू शोधायला मात्र आजही पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे मला बोचते.

प्लेगनंतर मुंबईने अशीच एक मोठी नोंदवही उघडली ती कर्करोगाची. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. दाराब जस्सावाला यांनी मुंबई कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ही पहिली कर्करोग नोंदणी. पद्धत अशी की डॉक्टरांनी कळवायची वाट बघायची नाही, रजिस्ट्रीचे कर्मचारी स्वतः शहरातल्या इस्पितळांत जाऊन कागद तपासायचे, महापालिकेच्या मृत्युनोंदी पाहायच्या आणि एकाच रोग्याची दोनदा मोजणी झाली असेल तर ती काढून टाकायची. त्यातून पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी, तंबाखू खाणाऱ्यांच्या शहरात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे, अशा गोष्टी आकड्यांत दिसल्या. जगभरच्या रजिस्ट्रींचे आकडे एका साच्यात बसवून छापणाऱ्या ग्रंथमालेत मुंबईचा समावेश दुसऱ्याच खंडापासून, म्हणजे १९७० पासून झाला. सगळ्यांनी रोगाला एकच सांकेतिक क्रमांक द्यायचा, वयोगट सारखेच करायचे, मगच मुंबईची तुलना बर्मिंगहॅमशी करता येते. हे ठरवून घेणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

बार्शीची कथा मला याहून आवडते. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावे. खेड्यात इस्पितळाचे कागद कुठून असणार? म्हणून कर्मचारी गावोगाव जाऊन सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका यांच्याशी बोलत, कोणाला गाठ आहे, कोणाला अंगावर जाते आहे हे विचारत आणि रोग्यांना तपासणीला घेऊन येत. डॉ. भ. म. नेने यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. नोंद आणि उपचार दोन्ही एकाच फेरीत, म्हणून लोक दार उघडत. १८९७ च्या झडतीच्या पथकाशी तुलना करून पाहा.

ही व्यवस्था तिथे होती म्हणूनच शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून एक मोठा प्रयोग होऊ शकला. ५२ विभागांतल्या खेड्यांतून १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया, वय ३० ते ५९. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला. ज्या स्त्रियांची तपासणी केली नाही त्यांच्याबद्दल नंतर नैतिक वादही झाला आणि तो होणे रास्तच होते. पण जगभरच्या देशांनी आपले धोरण ठरवताना मराठवाड्यातल्या या बायकांचे आकडे समोर ठेवले. त्या कोणाला कर्करोग झाला आणि कोण मेली हे वर्षानुवर्षे कळत राहिले, कारण नोंद ठेवणारे लोक गावात येत-जात होते.

अलीकडे या सगळ्याला नियमांचे रूप आले आहे. संशोधनाची माहिती शोधता यावी, मिळवता यावी, दुसऱ्या माहितीशी जुळवता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी चार तत्त्वे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'फेअर' म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकीय क्रम काही दिवसांत जगासमोर खुला झाला आणि त्यावरून लशींचे काम लगेच सुरू झाले, हे याच विचाराचे मोठे यश. दुसऱ्या बाजूला माणसाच्या खासगीपणाचे कायदे झाले. ओमानचा २०२२ चा, भारताचा २०२३ चा. हे दोन्ही लागतात. मुंबईच्या चाळीतला माणूस रोगी लपवत होता तो नोंद होण्याला घाबरून नव्हे, तर नोंद झाल्यावर आपले काय करतील याला घाबरून.

प्रत्यक्ष कामात मात्र अडचणी फार साध्या असतात. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या दोन शाखांची जुनी माहिती एकत्र करायचे काम आमच्याकडे होते. नाव सांगण्यात अर्थ नाही. एका शाखेत तारीख दिवसापासून लिहिलेली, दुसरीत महिन्यापासून. पाच जून की सहा मे? तीन आठवडे त्यातच गेले. रक्तातल्या साखरेचे तर आपण सगळेच अनुभवी. भारतातून आलेल्या रिपोर्टात ११० आणि इथल्या रिपोर्टात ६.१ बघून किती घरांत घबराट झाली असेल! दोन्ही एकच आहेत. तिकडे मिलिग्रॅममध्ये मोजतात, इकडे मिलिमोलमध्ये, सुमारे १८ ने गुणले की झाले. पण एकक न लिहिता नुसता ६.१ एखाद्या संशोधकाच्या तक्त्यात शिरला तर?

आता आपल्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतो. ओमानमध्ये कर्करोगाची नोंदणी १९८५ पासून आहे आणि १९९६ पासून ती साऱ्या देशाच्या लोकसंख्येवर आधारलेली आहे. वर सांगितलेल्या जागतिक ग्रंथमालेत ओमानचे आकडे येतात, पण त्यांच्यावर 'ओमानी' असे लिहिलेले असते. म्हणजे नागरिकांचे. कुवेतने कुवेती आणि बिगरकुवेती असे दोन तक्ते दिलेले आहेत. नागरिकांचे प्रमाण वेगळे काढणे शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच आहे, कारण परदेशी कामगार सतत येतात-जातात, बहुतेक तरुण असतात, त्यांना मिसळले तर भागाकाराचा तोच १९०१ वाला घोळ होतो. मग आपली मोजणी कुठे? मस्कतला वीस वर्षे काढलेला माणूस आजारी पडला की बहुतेक वेळा भारतात जातो, टाटा रुग्णालयात उपचार घेतो. तिथे त्याची फाइल होते, पण मुंबईच्या रजिस्ट्रीत गणना होते ती निदान वर्षभर त्या भागात राहणाऱ्यांची. त्यामुळे तो तिथल्या आकड्यांतही नसतो. आखातात उन्हात काम करणाऱ्या, दोन वेळा डब्यावर जेवणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या लाखो भारतीयांना पन्नाशीत काय होते, मूत्रपिंडाचे काय, हृदयाचे काय, हे सांगणारा तक्ता म्हणूनच सापडत नाही. माणसे आहेत, रिपोर्ट आहेत, दोन्ही देशांतल्या डॉक्टरांकडे नोंदी आहेत. त्यांना जोडणारा रकाना नाही.

इथे सरकारी आरोग्य केंद्रांत 'अल शिफा' नावाची संगणक प्रणाली चालते आणि नोंद रेसिडेंट कार्डाच्या क्रमांकावर होते. भारतात २०२१ पासून १४ आकडी 'आभा' क्रमांक देऊ लागले आहेत. माझ्या पाकिटात दोन्ही क्रमांक आहेत. मुंबईला जाताना आई-वडिलांचे आणि आमचे कागद मात्र अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच जातात. गेल्या खेपेला बायकोने प्रत्येक रिपोर्टवर पेनाने तारीख, देश आणि एकक लिहून दिले होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधी पिशवीची आणि मग आमची चौकशी केली.